डोमेनचा संशयास्पद मेल: मेल तपासावा की थेट खातं उघडावं?

‘डोमेन संपतंय, आजच पैसे भरा’ असा मेल आला की तोच निरखत बसायचं, की सरळ रजिस्ट्रारच्या (जिच्याकडे डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, नोंदवलंय त्या कंपनीच्या) खात्यात शिरायचं?

खर्च दोन्हींत शून्य. पाठवणाऱ्याचा पत्ता क्षणात दिसतो, पण तो बनावट असू शकतो आणि हेडर (मेल कुठून आला ते सांगणारी तांत्रिक माहिती) वाचणं सगळ्यांना जमत नाही. शिवाय कधी पत्ताही खरा, कंपनीही खरी. फक्त ती तुमची रजिस्ट्रार नसते. नूतनीकरणाच्या नावाखाली डोमेन स्वतःकडे वळवते. तिथे हेडर काय सांगणार? खात्यात मात्र मुदतीची तारीख लख्ख दिसते. (रजिस्ट्रारच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, मेलमधली लिंक नको.) रजिस्ट्रार कोण हेच विसरलात? आयकॅनच्या (डोमेन-नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेच्या) लुकअप पानावर फुकट कळतं.

रोज ढीगभर मेल चाळणाऱ्याला पहिली पद्धत गाळणी म्हणून बरी. एकदोनच डोमेन असतील त्याने थेट खातंच उघडावं.