घरगुती पाळणाघराचं दार: नाइट लॅच, अलड्रॉप की डिजिटल लॉक?

दुकानदार कुलूप दाखवतो ते बाहेरच्या बाजूने. चकाकणारी पितळी चकती, लिव्हर किती, बोल्ट किती. पाळणाघरासाठी घेत असाल तर ते हातात घेऊन आधी उलटं करा. आतल्या अंगाला फिरवायची मूठ आहे की चावीचं भोक? भोक असेल तर परत द्या, मग ते कितीही दणकट असो.

घरात आठ-दहा लेकरं, त्यातली दोन पाळण्यात, सांभाळायला एक ताई आणि फार तर हाताखाली एक मावशी. गॅसचा वास आला तर दार उघडायला एकच हात मोकळा असतो; दुसऱ्या कडेवर लेकरू. चावी फ्रिजवर ठेवली की खिळ्याला अडकवली, हे आठवत बसायला तेव्हा सवड नसते. राष्ट्रीय बांधकाम संहितेतही (२०१६) बाहेर पडायच्या दाराबद्दल हेच आहे: आतून ते चावीशिवाय उघडलं पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ ची भूकंपाची पहाट ज्यांनी पाहिली त्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांना हे पटवून द्यावं लागत नाही.

म्हणजे या दाराकडून मागणी तिहेरी आहे. बाहेरच्याला उघडता येऊ नये, आतल्या लेकराला उघडता येऊ नये आणि मोठ्या माणसाला आतून एका हाताने उघडावं. बाजारातल्या बहुतेक वस्तू यातल्या दोन अटी पाळतात आणि तिसरीला दगा देतात. त्या कुठे दगा देतात, ते खाली.

नाइट लॅच हे सगळ्यांत कामाचं कुलूप. दार लोटलं की तिरकी जीभ आपोआप चौकटीत बसते, बाहेरून चावी लागते, आतून मूठ फिरवली की उघडतं. लाकडी दारावर पृष्ठभागावरच बसतं, दार कोरावं लागत नाही. गोदरेजच्या अल्ट्रा प्रकारात डब्यावर ‘१ सीके’ असेल तर बाहेर चावी आणि आत मूठ. ‘२ सी’ म्हणजे दोन्हीकडून चावी. दुकानदार ‘२ सी’ जास्त सुरक्षित म्हणून गळ्यात मारतो. बंद फ्लॅट सोडून गावी जाणाऱ्याला ते ठीक, पाळणाघराला नाही. अलीगढच्या कंपन्यांचेही असेच दोन्ही प्रकार मिळतात, तिथेही आतली मूठ बघूनच घ्या. चपटी, खड्ड्याखड्ड्यांची चावी असलेलं मॉडेल घ्या. ती चावी रस्त्याकडेच्या चावीवाल्याकडून पाच मिनिटांत होत नाही, आणि पाळणाघरात चाव्या चार हातांतून फिरतात म्हणून या गोष्टीला महत्त्व आहे. साधारण दीड ते साडेतीन हजारांत चांगलं लॅच येतं.

या कुलपाचे दोष दोन. पहिला किरकोळ: नुसती जीभ अडकलेली असते तेव्हा कडक प्लॅस्टिकच्या कार्डाने ती फटीतून मागे ढकलता येते. म्हणून लेकरं झोपली की आतून मुठीचा दुसरा फेरा द्यायचा, म्हणजे जीभ किंवा बोल्ट मागे सरकत नाही. ज्या लॅचला हा दुसरा फेरा नाही ते घेऊच नका. दुसरा दोष मात्र गंभीर आहे. फाटकापाशी कुणी पालक आले, ताई चपला घालून चार पावलं बाहेर गेल्या, मागून वाऱ्याने दार लोटलं. लेकरं आत, चावी आत, ताई बाहेर. वैशाखात दुपारी वावटळ सुटते तेव्हा हे हमखास घडतं. मुठीजवळ एक बारीक खुंटी असते, ती सरकवली की जीभ आत दबून राहते. पण घाईत ती लक्षात राहत नाही. म्हणून एक चावी कमरेला किंवा गळ्यातल्या दोरीला, दुसरी शेजारच्या काकूंकडे. दाराला जमिनीवरचा लोहचुंबकी स्टॉपर लावला तर वाऱ्याचा प्रश्न निम्मा होतो. लेकरांची बोटं दाराच्या फटीत सापडतात तेही टळतं.

आता लोखंडी जाळीचं सेफ्टी दार. मराठवाड्यात उन्हाळाभर आतलं लाकडी दार उघडं आणि जाळीचं दार बंद असतंच, नाहीतर वारा कुठून यायचा? त्याला आतून अलड्रॉप लावून कुलूप घालायची पद्धत सर्रास आहे. पाळणाघराच्या दाराची सगळ्यांत वाईट मांडणी हीच. चोर थांबतो हे खरं, पण आतली माणसंही थांबतात. जुन्या वाड्यांना भिंतीत सरकणारा अडसर असायचा तो यापेक्षा शहाणा होता: बाहेरून ढिम्म हलत नसे, आतून एका हाताने मागे सरकवला की झालं.

जाळीच्या दाराला कुलपाऐवजी लॅचच बसवा. वेल्डरकडून दहा-बारा इंची चौरस पत्रा त्या जागी जाळीवर जोडून घ्यायचा आणि त्यावर लॅच. या पत्र्याचं खरं काम वेगळंच आहे. तो नसेल तर बाहेरचा माणूस सळ्यांमधून हात घालून आतली मूठ फिरवतो. मूठ कुठेही असो, तिच्या चहूबाजूंनी वीतभर तरी बंद पत्रा किंवा बारीक जाळी हवी. सळ्यांमधली फट चार इंचांपेक्षा कमी ठेवा. त्याहून मोठ्या फटीत रांगतं लेकरू डोकं घालतं आणि मागे ओढताना कान अडकतात.

उंचीचा हिशेब लोक अंदाजाने करतात, तो मोजून करा. तीन वर्षांचं लेकरू साधारण ९५ सेंटिमीटर उंच असतं, पाच वर्षांचं ११०. पाच वर्षांच्या मुलाचा हात वर केला की १३० ते १३५ सेंटिमीटरपर्यंत पोचतो. म्हणून नेहमीच्या कंबरेइतक्या उंचीवर लॅच बसवून उपयोग नाही. लॅच पाच फुटांवर आणि त्याच्या वर साडेपाच फुटांवर एक आठ इंची टॉवर बोल्ट, म्हणजे सरळ सरकवायची कडी. पाच फूट उंचीच्या बाईचा हात तिथे सहज पोचतो. प्लॅस्टिकच्या खुर्चीचं बैठक सव्वा-दीड फुटांवर असतं, त्यामुळे खुर्ची ओढून आणणाऱ्या पोरापुढे लॅचही पुरत नाही. दाराच्या खोलीत हलक्या खुर्च्या आणि स्टूल ठेवायचंच नाही, हा त्यावरचा उपाय. शाळा सुटल्यावर येणारी आठ-नऊ वर्षांची मुलं मात्र काहीही उघडतात. त्यांना कुलपाने नाही, सांगून थांबवावं लागतं.

पाच फुटांवर बसवताना एक अडचण येते ती सुतारही सांगत नाहीत. फ्लश दाराच्या, म्हणजे दोन्ही अंगांना प्लाय लावलेल्या सपाट दाराच्या, आत सगळीकडे भरीव लाकूड नसतं. कुलपासाठीचा भरीव ठोकळा बहुधा दाराच्या मध्यावर असतो. वर स्क्रू मारले की ते नुसत्या प्लायमध्ये बसतात आणि दोन महिन्यांत लॅच हलायला लागतं. बोटाने टकटक करून बघा. आवाज पोकळ आला तर स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि मागे लोखंडी पट्टी घ्या. दाराची जाडीही आधी मोजा. ३० मिलिमीटरच्या दाराला जाड दारासाठीचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते ती नळी, बाहेर डोकावतो आणि पकडीने फिरवून तोडता येतो.

चौकटीकडचा भाग, म्हणजे जीभ जिथे अडकते ते घर, तो तर सगळ्यांत दुर्लक्षित. डब्यात येणारे स्क्रू जेमतेम पाऊण-एक इंचाचे असतात. सागवानी चौकटीला ते काढून दीड इंचाचे मारा. लोखंडी चौकटीला ड्रिल करून आटे पाडून मशीन स्क्रू. आपल्याकडे सिमेंटच्या चौकटी भरपूर आहेत, आणि गोंधळ तिथेच होतो. सुतार भोकात लाकडाची खुंटी ठोकतो, त्यावर स्क्रू मारतो. पावसाळ्यात खुंटी फुगते, दिवाळीपर्यंत वाळून आकसते आणि एका धक्क्यात सगळं घर हातात येतं. तिथे ८ मिलिमीटरचं भोक, प्लॅस्टिकची गिट्टी आणि दोन इंची स्क्रू. भोक चौकटीच्या कडेपासून दीड-दोन इंच आत ठेवा, नाहीतर टवका उडतो.

‘उन्हाने दार फुगलं म्हणून लॅच बसत नाही’ असं लोखंडी दाराबद्दल नेहमी ऐकू येतं. तीन फुटी लोखंडी दार जानेवारीच्या पहाटेपासून मेच्या दुपारपर्यंत, तापमानात चाळीस अंशांचा फरक धरला तरी, जेमतेम अर्धा मिलिमीटर वाढतं. तीन मिलिमीटर फट ठेवली असेल तर ते कळणारही नाही. खरं कारण बिजागरी ओघळलेली असते. दार उघडून मुठीकडची बाजू वर उचलून बघा; हललं तर बिजागरीचे स्क्रू किंवा वेल्डिंग गेलंय. लेकरं दाराला लोंबकळतात, त्यामुळे पाळणाघरात हे लवकर होतं. साध्या दोन बिजागऱ्यांच्या जागी तीन, तिसरी वरच्या बिजागरीच्या खाली वीतभर. लाकडी दाराचं मात्र खरंच फुगणं असतं, पण श्रावणात रंधा मारायची घाई करू नका. दार वाळल्यावर, कार्तिकात, फट बोटभर होते.

डिजिटल लॉकची जाहिरात पाळणाघरवाल्यांना भुरळ घालते, कारण चाव्यांची कटकट जाते आणि मावशी बदलल्या की कोड बदलला की झालं. हा फायदा खरा आहे, बाकीचं तपासून घ्यावं. वीज गेली तरी ही लॉकं चालतात, कारण बहुतेकांत चार पेन्सिल सेल असतात. बाहेरून तात्पुरती वीज द्यायला खाली यूएसबीची किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीची सोय असते. ती नसेल तर लॉक घेऊ नका. बोटाच्या ठशावर भिस्त ठेवू नका. भांडी-धुणं करणाऱ्या हातांच्या रेघा झिजलेल्या असतात, हिवाळ्यात कातडी फुटते, मशीन ओळखत नाही. प्रत्येकाला वेगळा आकडा द्या आणि पालकांना अजिबात देऊ नका. लेकरू हाती देताना चेहरा बघायलाच हवा. सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे आपोआप लॉक होण्याची सेटिंग. ती दिवसा बंद ठेवा, नाहीतर नाइट लॅचचा तोच दोष दुप्पट पैशांत विकत घेतल्यासारखं होईल. दारात कोरून बसवायच्या मॉडेलला बऱ्याचदा ३५ मिलिमीटरहून जाड दार लागतं. पश्चिमेकडच्या लोखंडी दारावर तर हे लॉक नकोच. मेमध्ये त्या पत्र्याला हात लावून बघा. आठ-दहा हजारांच्या पुढे जाणाऱ्या या खरेदीपेक्षा तेवढ्यात दोन दारांना लॅच, बोल्ट आणि नव्या बिजागऱ्या होतात. आमचा कौल तिकडेच.

दोन-चारशे रुपयांत मिळणारा चुंबकी अलार्म मात्र जरूर घ्या. एक तुकडा दाराला, दुसरा चौकटीला. दोन्हींतलं अंतर वाढलं की कर्कश वाजतो. लावताना दोन तुकड्यांत एका सेंटिमीटरपेक्षा जास्त फट राहू देऊ नका, नाहीतर दार बंद असतानाही वाजत राहतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी कंटाळून बंद करतं. लोखंडी दारावर खाली लाकडाची चकती घालून लावा, कारण लोखंड चुंबकाचं बळ खातं.

आतल्या दारांकडे फारसं कुणी बघत नाही. न्हाणीघराच्या आतली खालची कडी काढून टाका. लेकरू आत जाऊन कडी लावतं, मग घाबरून उघडता येत नाही. बाहेरून नाण्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने फिरवता येणारं बाथरूम लॉक मिळतं, ते बसवा. बाहेरच्या बाजूची कडी पाच फुटांवर न्या, म्हणजे एकमेकांना कोंडण्याचा खेळ बंद.

कुलूप जिथे खरोखर हवं ती जागा म्हणजे हौद. संभाजीनगरात नळाला रोज पाणी येत नाही, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्यामुळे आपल्याकडे घराघरांत हौद आणि टाक्या आहेत. उचलून ठेवायचं सुटं झाकण पाळणाघरात चालणार नाही. बिजागरीचं, कोयंड्याचं झाकण आणि त्याला पितळी कुलूप. लोखंडी कुलूप ओलीने सहा महिन्यांत गंजतं, मग कुणी ते घालत नाही. गच्चीच्या दारालाही कुलूप घालायला हरकत नाही, बाहेर पडायची ती मुख्य वाट नसेल तर. टँकर येतो त्या दिवशी फाटक अर्धा तास सताड उघडं राहतं. कंपाउंडच्या भिंतीतून झाकणासह चार इंची पाइप काढून ठेवला तर टँकरचा पाइप तिथून आत येतो आणि फाटक बंदच राहतं.

देखभाल थोडीच आहे. कुलपात खोबरेल तेल सोडू नका. आपल्याकडची धूळ त्याला चिकटून आत काळा चिखल होतो आणि चावी अर्ध्यात अडते. पेन्सिलीचं शिसं चावीच्या दोन्ही बाजूंना घासून ती पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, दर तीन महिन्यांनी. तेल आधीच घातलं असेल तर सिलिंडर काढून रॉकेलने धुवून वाळवा, मगच शिसं.