अँग्युलरचा कंट्रोल व्हॅल्यू अ‍ॅक्सेसर: करार छोटा, कलमे बारीक

ब्राउझरने दिलेल्या मजकुराच्या किंवा तारखेच्या चौकटीने भागत नाही, तेव्हा फॉर्मसाठी स्वतःचा इनपुट प्रकार घडवावा लागतो. मला हवा होता तो कामाला लागलेला वेळ नोंदवण्याचा प्रकार: वापरकर्त्याला तास आणि मिनिटे अशा दोन चौकटी दिसाव्यात, फॉर्मच्या हाती मात्र एकूण मिनिटांची एकच संख्या पडावी. वेब अ‍ॅप बनवण्याच्या अँग्युलर या फ्रेमवर्कमध्ये या कामासाठी कंट्रोल व्हॅल्यू अ‍ॅक्सेसर हा इंटरफेस, म्हणजे कोणत्या मेथड लिहाव्या लागतात हे ठरवणारा करार, आहे आणि हे परीक्षण त्याच्यापुरतेच आहे.

या इंटरफेसमधील राइट-व्हॅल्यू, रजिस्टर-ऑन-चेंज आणि रजिस्टर-ऑन-टच्ड या तीन मेथड सक्तीच्या असून सेट-डिसेबल्ड-स्टेट ही चौथी ऐच्छिक आहे. पहिलीतून फॉर्म आपल्याला मूल्य देतो. पुढच्या दोहोंतून तो दोन कॉलबॅक (नंतर चालवायची फंक्शने) आपल्या हवाली करतो आणि वापरकर्त्याने मूल्य बदलले किंवा तो इनपुट सोडून पुढे गेला, की ते आपण चालवायचे असतात. एवढे पाळले, की रिअ‍ॅक्टिव्ह फॉर्म (फॉर्मची रचना कोडमध्ये मांडण्याची पद्धत) असो वा एनजी-मॉडेल (टेम्पलेटमध्येच मूल्य जोडण्याची पद्धत), आपला कंपोनंट (आपण घडवलेला पडद्यावरचा घटक) मूळ इनपुटच्या पंक्तीला जाऊन बसतो आणि डर्टी (मूल्य बदलले), टच्ड (वापरकर्ता इनपुटमध्ये येऊन गेला), व्हॅलिड (मूल्य नियमांत बसते) या अवस्थांचा हिशेब फॉर्म स्वतःच ठेवतो. आत दोन चौकटी आहेत की सरकपट्टी, याच्याशी फॉर्म लिहिणाऱ्याला काही देणेघेणे उरत नाही, आणि माझ्या मते हेच या रचनेचे खरे बळ आहे.

खरी परीक्षा बारीक कलमांत आहे. राइट-व्हॅल्यूमध्ये मूल्य स्वीकारल्यावर तिथूनच चेंजचा कॉलबॅक चालवण्याची चूक मी केली. पहिल्यांदा मूल्य येते तेव्हा तो कॉलबॅक नोंदवलेलाच नसतो, म्हणून काही बिघडलेले दिसत नाही. पण सर्व्हरवरून माहिती येऊन फॉर्म भरला गेला, की वापरकर्त्याने कशालाही हात न लावता फॉर्म डर्टी होतो आणि ‘बदल जतन करायचे का?’ असे विचारू लागतो. एनजी-मॉडेल वापरले तर खरे मूल्य येण्याआधी एकदा नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’, येते आणि रीसेट केल्यावरही सहसा नलच येते, त्यामुळे मिनिटांना 60 ने भागण्यापूर्वी त्याची दखल घ्यावीच लागते. नाहीतर रिकाम्या राहायला हव्यात त्या चौकटींत शून्ये उमटतात.

टच्डची गोष्ट आणखी नाजूक आहे. प्रत्येक चौकटीच्या ब्लर (फोकस सुटण्याच्या) घटनेवर तो कॉलबॅक जोडला, तर वापरकर्ता तासांतून मिनिटांत जातो न जातो तोच ‘वेळ भरणे आवश्यक आहे’ ही लाल ओळ त्याच्या तोंडावर येते. त्याऐवजी बाहेरच्या घटकावर फोकस-आउट ऐकावे, फोकस ज्या घटकाकडे चालला आहे तो आपल्याच कंपोनंटच्या आत आहे का ते तपासावे आणि नसेल तरच टच्ड कळवावे. मिनिटांत 90 लिहिणाऱ्याचे 1 तास 30 मिनिटे करणेही याच क्षणी योग्य ठरते, कारण दर कळीला तसे केले तर टाइप करणाऱ्याच्या हाताखालून आकडे बदलतात.

नोंदणीचा भाग कंटाळवाणा आहे. प्रोव्हायडरमध्ये, म्हणजे आपला कंपोनंट हा करार पाळतो हे अँग्युलरला कळवणाऱ्या नोंदीत, मल्टी हा पर्याय लिहायचा राहिला तर निदान नेमकी चूक सांगणारा संदेश येतो. मूल्यांच्या प्रकारांच्या (टाइप) बाबतीत मात्र निराशा होते: 2022 मधील 14व्या आवृत्तीपासून रिअ‍ॅक्टिव्ह फॉर्म प्रकारबद्ध झाले, तरी राइट-व्हॅल्यूचा प्राचल अजून एनी (काहीही चालेल अशा) प्रकारचाच आहे, त्यामुळे संख्येच्या जागी मजकूर आला तरी कंपायलर गप्प राहतो. लेबलचा प्रश्नही आपल्यावरच येऊन पडतो. कंपोनंटचा बाहेरचा टॅग ब्राउझरच्या दृष्टीने इनपुट नसल्याने लेबलवर क्लिक करून फोकस आत जात नाही. दोन्ही चौकटींना स्वतंत्र नावे आणि त्यांच्याभोवती ग्रुपची भूमिका व सामाईक नाव दिले, तेव्हाच स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला अर्थबोध होतो.

व्ह्यू या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये 3.4 आवृत्तीपासून डिफाइन-मॉडेलच्या एका ओळीत मूल्याची देवाणघेवाण होते, हे पाहिल्यावर अँग्युलरचा पसारा डोळ्यांत भरतो. पण व्ह्यूच्या गाभ्यात टच्ड ही संकल्पनाच नाही, म्हणून ही तुलना पूर्ण न्याय्य नव्हे. अँग्युलरच्याच 21व्या आवृत्तीत प्रायोगिक म्हणून आलेल्या सिग्नल फॉर्ममध्ये कंपोनंटला मूल्याचा एक मॉडेल सिग्नल (बदल झाल्याचे आपोआप कळवणारे मूल्य) पुरतो आणि प्रोव्हायडरची नोंदणी लागत नाही. नव्या प्रकल्पाची आखणी करणाऱ्याने तो मार्ग अवश्य पाहावा. जुना, मोठा प्रकल्प हाती असेल आणि एकच इनपुट अनेक फॉर्ममध्ये लागणार असेल, तर कंट्रोल व्हॅल्यू अ‍ॅक्सेसरवर घातलेला वेळ वसूल होतो. एकाच फॉर्मपुरता वेगळा इनपुट हवा असेल, तर दोन साधे कंट्रोल ठेवून जतन करताना बेरीज करावी.