आई बॅटरीवर, आम्ही पायावर: दसरा ते वळीव, इलेक्ट्रिक सायकलचा अनुभव

दसऱ्याला घेतलेली इलेक्ट्रिक सायकल आता वळवाच्या पावसापर्यंत वापरून झाली, म्हणून लिहायला बसलो. घेण्याआधी जेवढे व्हिडिओ बघितले त्यात तिशीतले गडी गॉगल लावून एकटेच हायवेवर पळवत होते. आमच्याकडे ती आई चालवते. वय ६६, डावा गुडघा कुरकुरणारा, आणि अंगावर कायम साडी. मी आणि बायको साध्या गिअरच्या सायकलींवर, मुलगी २४ इंचीवर आणि धाकटा माझ्या मागे चाइल्ड सीटमध्ये. हा सगळा लवाजमा घेऊन दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून इचलकरंजी, नरसोबाची वाडी, कुरुंदवाड आणि खिद्रापूर अशी नदीकाठची सहल केली. पुढंही याच पट्ट्यात सुट्टी मिळेल तशा फेऱ्या चालू आहेत.

मत आधीच सांगून टाकतो. घरात एकच बॅटरीची सायकल परवडत असेल तर ती सगळ्यात थोर माणसाला द्या. कुटुंबाच्या सहलीचा विचका पाय दुखल्यानं होत नाही. "माझ्यामुळं तुम्हाला थांबावं लागतंय" हे थोरांच्या मनात बसलं की होतो. दुसऱ्या दिवशी ते "तुम्ही जाऊन या, मी बसते इथंच" म्हणतात आणि विषय संपतो. बॅटरी आल्यापासून आई पुढं आणि आम्ही धापा टाकत मागं. ती झाडाखाली थांबून "किती वेळ रे?" विचारते, आणि हे विचारण्यात तिला किती आनंद आहे ते प्रत्यक्ष बघायला पाहिजे.

आता यंत्राबद्दल. मोटर २५० वॅटची, मागच्या चाकात, वेग ताशी २५ किलोमीटरला आपोआप अडतो. या मर्यादेत असल्यामुळं लायसन्स नाही, पासिंग नाही, आणि आईला गाडी येत नाही त्यामुळं हे महत्त्वाचं. पॅडल मारलं की मोटर हात देते. नुसता थ्रॉटल पिळूनही पळते, पण तसं केलं तर बॅटरी बघता बघता उतरते. कंपनी एका चार्जिंगला ४० किलोमीटर म्हणते. मागच्या कॅरिअरला पिशव्या, डबा, पाण्याचा जार अडकवून, मधल्या लेव्हलवर आम्हाला २८-३० मिळतात. आमच्या टप्प्यांना पुरतात, कारण हा सगळा मुलूख सपाट. चढ लागतात ते पुलांचे तेवढे.

तक्रारी दोन. पहिली, वजन. सायकल २३ किलोची आहे. चालू असताना कळत नाही, पण घाटाच्या चार पायऱ्या उतरवायच्या म्हटलं तर दोन माणसं लागतात, आणि बॅटरी संपल्यावर पॅडल मारणं म्हणजे भरलेली बैलगाडी ओढणं. दुसरी, बनवणाऱ्यांच्या डोक्यात साडी नेसणारं माणूसच नाही. फ्रेम खाली वाकवलेली आहे हे मान्य, पण मागच्या चाकाला जाळी नाही, चेनला पूर्ण कव्हर नाही. पहिल्याच आठवड्यात पदर चाकात जाता जाता राहिला. शेवटी गल्लीतल्या जुन्या सायकलवाल्यानं पत्र्याची जाळी कापून वेल्डिंग केली. त्यानंच ती चिंचोळी सीट काढून जुन्या काळ्या सायकलची स्प्रिंगवाली रुंद सीट बसवली. माझ्या मते या दोन कामांनी सायकल चालवण्याजोगी झाली. हे कारखान्यातूनच यायला काय हरकत आहे?

रस्त्याचं म्हणाल तर सांगली रोडनं जाऊ नका. ट्रकांच्या वाऱ्यानंच पोरं हेलकावतात. आम्ही गांधीनगर, वळिवडे, रुकडी असं आतून जातो. गांधीनगरला कापडाची दुकानं उघडायच्या आत पार व्हायचं, नाहीतर आई आणि बायको दोघीही हलत नाहीत. वळिवड्यात १९४३ ते १९४८ या काळात पोलंडहून आलेल्या निर्वासितांची छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं इथं राहिली. मुलीला शाळेत महायुद्ध होतं, पण ते आपल्या रुकडीच्या अलीकडं येऊन टेकलं होतं हे तिला खरंच वाटेना.

दर पावसाळ्यात बातम्यांत एक ओळ असते: शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे पंचगंगेवरचे बंधारे पाण्याखाली. राजाराम बंधाऱ्याला पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा, ४३ वर धोका, हे आकडे कोल्हापूरच्या पोरांना पाढ्यांबरोबर पाठ होतात. आम्ही या यादीचाच नकाशा केला. एक बंधारा दिसला की थांबायचं, खायचं, पाणी प्यायचं. लहान पोरांना किलोमीटर कळत नाहीत, "पुढचा बंधारा" कळतो. पावसाळा संपल्यावर बर्गे, म्हणजे बंधाऱ्याच्या गाळ्यांतल्या फळ्या, घालून पाणी अडवतात, त्यामुळं दिवाळीत वरच्या अंगाला नदी तुडुंब आणि खालच्या अंगाला खडक उघडे. धाकट्याचा त्यावर अर्धा तास सहज जातो. बंधाऱ्यावरून सायकल चालवायची मात्र नाही. कठडा नसतो, उतरून हातात धरून न्यायची. आणि हेही लिहितो, की इचलकरंजीच्या आसपास जलपर्णी आणि वास दोन्ही आहेत. फोटोतल्या नदीची अपेक्षा ठेवून आलात तर नाक धरावं लागेल.

पहिला मुक्काम इचलकरंजीला मामांकडं. बॅटरी किल्लीनं काढून घरात नेता येते, साडेचार-पाच तासांत भरते. मामा रात्रभर दर तासाला उठून चार्जरला हात लावून बघत होते. "आक्का, तापलंय गं हे," म्हणून आईला दोनदा उठवलं. चार्जर कोमट होतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त तो गादीवर किंवा पांघरुणात ठेवू नका.

पंक्चरचा किस्सा सांगायलाच हवा, कारण खरी परीक्षा तिथं झाली. कुरुंदवाडच्या अलीकडं मागच्या चाकात बाभळीचा काटा गेला. रस्त्याकडेला ट्रॅक्टरची पंक्चर काढणारा एक जण होता. त्यानं सायकलभोवती एक चक्कर मारली. "मावशी, ह्यो चाकातला डबा काय हाय?" आई म्हणाली, "मोटर हाय बाबा, वायर तोडू नको." गडी हुशार. चाक खोललंच नाही. जाड नट, वायरीचा जोड, कशालाच हात लावला नाही. सायकल आडवी करून दोन पान्यांनी टायरची एक कड उचलली, ट्यूब ओढून घमेल्यातल्या पाण्यात फिरवली, बुडबुडा दिसला तिथं बोट ठेवलं. मग ट्यूब सोडून टायरच्या आतून बोट फिरवत फिरवत काट्याचं टोक शोधलं आणि चिमट्यानं उपसलं. घाईत असलेले लोक काटा आतच ठेवून पॅच मारतात आणि दोन किलोमीटरवर परत बसतात. मागच्या चाकात मोटर असलेली सायकल घेणाऱ्यांनी ही पद्धत शिकून ठेवा, कारण चाक काढायचं म्हटलं की गावाकडचा निम्मा पंक्चरवाला हात वर करतो.

नरसोबाच्या वाडीत कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताच्या पादुका, बासुंदी आणि कवठाची बर्फी, हे सगळ्यांना माहीत आहे. कुरुंदवाडच्या घाटावर संताजी घोरपड्यांची समाधी आहे, तिथं मात्र मुलांना घेऊन निवांत बसा.

खिद्रापूरच्या वाटेवर हेरवाड लागलं. आमच्या आराखड्यात तो थांबा नव्हता. पण पुढं आई होती, आणि तिनं ग्रामपंचायतीसमोर सायकल लावली. मे २०२२ मध्ये याच ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनंही बाकीच्या ग्रामपंचायतींना हाच कित्ता गिरवायला सांगितलं. बाबा त्याच्या आधी गेले. आई इमारतीकडं बघत पाच-दहा मिनिटं उभी राहिली, शेजारच्या टपरीवर चहा घेतला, टपरीवालीशी काहीतरी बोलली आणि "चला" म्हणाली. काय बोलली ते मी विचारलं नाही. ती कारमध्ये मागच्या सीटवर असती तर तिनं थांबायला सांगितलं नसतं, एवढं मला माहीत आहे.

खिद्रापूरचं कोपेश्वर बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाचं छत मधोमध गोल उघडं आहे आणि खाली त्याच मापाची गोल शिळा. दुपारच्या आत पोहोचा. महादेवासमोर नंदी नाही हे धाकट्यानं आधी हेरलं. तो नंदी पलीकडं कर्नाटकात यडूरला आहे म्हणतात. तिथपर्यंत जायचा हट्ट मोडायला लिमलेटच्या गोळ्या लागल्या. परतीला छोटा हत्ती, म्हणजे छोटा टेम्पो, ठरवला होता. सायकलींच्या मध्ये जुन्या वाकळी घातल्या, ओरखडा नाही.

ऊस सुरू झाल्यावर म्हणजे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. मागचं काही दिसत नाही आणि गाणी एवढी मोठी की घंटी ऐकू जाणं शक्य नाही. सकाळी सहा ते नऊ एवढीच वेळ पाळा. रस्त्यावर पडलेला ऊस चाकाखाली आला तर सायकल घसरते, चाइल्ड सीटवाल्यांनी तर फारच जपायचं. पोर मागं झोपलं की मान लोंबकळते, तेव्हा सरळ थांबायचं. त्या सीटला डबल स्टँड लावून घ्या, एका पायाच्या स्टँडवर पोरासकट सायकल कलंडते.

जानेवारीत डिस्प्लेवर एरर आला आणि मोटर बंद. प्रेशरच्या पाण्यानं धुतल्यावर जोडात पाणी गेलं होतं. विक्रेत्याकडं नेली तर "कंट्रोलर मागवावा लागेल" म्हणून तीन आठवडे सायकल कोपऱ्यात उभी. धुताना ओलं फडकं वापरा, हे विकताना सांगायला कुणाचं काय जात होतं? तेव्हापासून काही त्रास नाही. पाच गुणांपैकी चार देतो, एक कापला तो जाळीसाठी.

येत्या पावसाळ्यात बॅटरी निम्मी भरून कोरड्या कपाटात ठेवणार आहे, महिन्यातून एकदा चार्जिंग बघायचं. आणि पन्हाळ्याचं विचारणाऱ्यांसाठी: वाघबीळपर्यंत आई आरामात जाते. पुढच्या चढाला मोटर तापते, तिथं तरी छोटा हत्ती आधीच सांगून ठेवा.