कोन फिल्टर की कंपनीचाच डबा?
इंजिनात जाणारी हवा गाळायला कंपनीचा बंद डब्यातला एअर फिल्टर ठेवावा, की तो काढून शंकूच्या आकाराचा उघडा कोन फिल्टर बसवावा? मे महिन्यात राजवाड्याच्या गर्दीतून गाडी रांगत घरी आणा आणि बॉनेट उघडा. तोंडावर जी भट्टी येते, तीच हवा उघडा कोन फिल्टर ओढतो. गरम हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. कंपनीचा काळा डबा दिसायला ओबडधोबड, पण बहुतेक गाड्यांत त्याची नळी ग्रिलमागून बाहेरची हवा घेते.

आमच्या धाकट्यानं हौसेनं कोन बसवला. आवाज झकास! पिकअप होता तिथेच. शिवाय फिल्टर धुतल्यावर त्याला धूळ धरायचं तेल जरा जास्त लावलं, ते एअरफ्लो सेन्सरवर (इंजिनात किती हवा जाते ते मोजणाऱ्या) बसलं आणि चेक इंजिनचा दिवा पेटला.

टर्बो गाडी रिमॅप करणार असाल, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणार असाल, तर बंदिस्त इनटेक (बंद डब्यातला, बाहेरची हवा घेणारा फिल्टर) घ्या. माझ्या १.२ लिटर पेट्रोलला काही शे रुपयांचा नवा कागदी फिल्टर पुरतो.