धरमपेठेतला जपानी कादंबऱ्यांचा वाचनवर्ग : दहा शनिवारांचा अनुभव

प्रतापनगरात माझं औषधांचं दुकान आहे. दहा आठवडे शनिवारची संध्याकाळ भाच्यावर सोपवून मी धरमपेठेतल्या एका वाचनवर्गाला गेले. विषय होता कादंबऱ्यांतून दिसणारा आधुनिक जपानी समाज. फी अडीच हजार, वेळ पाच ते सात, आम्ही चौदा जण. नागपूरकराला जपान म्हटलं की कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बुद्धविहार आठवतं, मूळचे जपानी भिक्खू भदंत सुरेई ससाई आठवतात. त्यापलीकडे मलाही काही ठाऊक नव्हतं. वर्ग घेणाऱ्या ताई बरीच वर्षं ओसाकात राहून आल्या आहेत आणि मूळ जपानीतून वाचतात. आम्ही इंग्रजी अनुवाद वाचायचे आणि बोलायचं मराठीत.

पहिल्याच दिवशी एक काका म्हणाले, "जपानी माणूस मोठा शिस्तीचा." ताईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पानावर?" पुढचे सगळे शनिवार या एका प्रश्नावर चालले. जपानी लोक असे, जपानी बायका तशा, असं कुणी म्हटलं की घर कुणाचं, साल कोणतं, घरातली कामं कोण करतं, हे पुस्तक उघडून दाखवायचं. मला हा वर्ग आवडला तो मुख्यतः यासाठी.

सुरुवात तानिझाकींच्या 'सासामेयुकी'पासून, म्हणजे इंग्रजीत 'द मकिओका सिस्टर्स'. १९४३ मध्ये मासिकातून क्रमशः येऊ लागली आणि लष्करी सेन्सॉरने बंद पाडली. युद्ध चालू असताना बहिणींची लग्नं, किमोनो आणि फुलांच्या सहली कशाला, असं त्यांचं म्हणणं. पहिल्याच प्रकरणात दुसरी बहीण सचिको आरशासमोर तयार होत असते आणि या घरात बहिणी एकमेकींना चक्क 'बी' जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. जरा थकवा आला की 'बी कमी पडलं' हा घरातला ठरलेला शब्द. हे वाचलं आणि मला राहवेना. कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, फारसं राहत नाही, त्याच्या कमतरतेतून बेरीबेरी हा रोग होतो, जपानला या रोगानं किती छळलं, हे मीच वर्गाला सांगितलं. ताईंनी लगेच पुढचा धागा उचलला: १९१० मध्ये सुझुकी उमेतारो यांनी तांदळाच्या कोंड्यातून हेच द्रव्य वेगळं काढलं होतं. आणि इथे तीसच्या दशकात एका खात्यापित्या घरात त्याची सिरिंज पावडरच्या डबीसारखी हाताशी आहे. त्या सिरिंजवर आमचा अर्धा तास गेला आणि तो सत्कारणी लागला.

तिसरी बहीण युकिको. तिशी गाठली तरी लग्न जमत नाही. डाव्या डोळ्यावर एक पुसट डाग आहे, कधी दिसतो, कधी नाहीसा होतो, आणि प्रत्येक स्थळाच्या वेळी सगळ्या घराचं लक्ष त्या डागाकडे. तिकडच्या पाहण्याच्या कार्यक्रमाला 'मिआई' म्हणतात. आमच्यातल्या चारपाच जणी त्या दिवशी किती बोलल्या! पोह्यांच्या बशा, मामांना पाठवून काढलेली पगाराची चौकशी, 'मुलगी जरा सावळीच' हे शेजारच्या खोलीतून ऐकलेलं वाक्य. सात वाजून गेले तरी कुणी उठेना.

सायाका मुराता यांची कन्व्हिनियन्स स्टोअरवरची कादंबरी एका बैठकीत वाचून होते. २०१६ चं अकुतागावा पारितोषिक मिळालेलं पुस्तक. छत्तीस वर्षांची केइको अठरा वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ काम करते आणि सगळे तिला विचारतात, लग्न कधी, पक्की नोकरी कधी. दिवसभर काउंटरवर उभी राहणारी बाई म्हणून सांगते, दुकानातले आवाज तिनं अगदी बरोबर टिपलेत.

पण मी आत हलले ती सावाको आरियोशी यांच्या 'कोकोत्सु नो हितो'मुळे. इंग्रजीत 'द ट्वायलाइट इयर्स', मूळ १९७२. आकिको नोकरी करते आणि सासऱ्यांना स्मृतिभ्रंश होतो. पोटचा मुलगा त्यांना ओळखू येत नाही, सून ओळखू येते. रात्री उठणं, बाहेर पडणं, अंथरूण ओलं होणं, सगळं तिच्या वाट्याला. माझ्या सासूबाई सहा वर्षं अशा होत्या. दिवेलागणीला साडीचं गाठोडं बांधायच्या आणि वरूडला माहेरी निघायच्या. मी चौकापर्यंत सोबत जायची, "आई, आज एसटी गेली, उद्या जाऊ" म्हणून परत आणायची. हे मी वर्गात पहिल्यांदा बोलले. ताईंनी मला पूर्ण बोलू दिलं आणि मग पुस्तकाच्या पुढचं सांगितलं. कादंबरी लाखोंनी खपली, घरातल्या बायकांवर पडणाऱ्या या ओझ्याची चर्चा देशभर झाली. १९७० च्या सुमारास जपानमध्ये पासष्टीपुढची माणसं शंभरात सातच होती, आज ती एकोणतीसच्या आसपास आहेत. २००० च्या एप्रिलमध्ये वृद्धांच्या शुश्रूषेसाठीचा विमा सुरू झाला, त्यात चाळिशीपासून प्रत्येकाला हप्ता भरावा लागतो. एका पुस्तकामुळे कायदा झाला, असं ताई म्हणाल्या नाहीत. मला त्यांचं हे जपून बोलणं पटलं.

आता माझी तक्रार, आणि ती मोठी आहे. तोसोन शिमाझाकींची 'हाकाई' ही तिकडच्या अस्पृश्यतेवरची कादंबरी यादीत नव्हती. दीक्षाभूमीपासून दहा मिनिटांवर राहणाऱ्या एका तरुण शिक्षकानं चौथ्या शनिवारी विचारलं, "जपानात अस्पृश्यता होती ना? मग पुस्तक कुठाय?" पुढच्या आठवड्यात ताईंनी त्यातला शेवटाकडचा भाग आणून वाचून दाखवला. १९०६ ची कादंबरी. बहिष्कृत ठरवलेल्या समाजातला उशिमात्सु शिक्षक होतो. जात कधीही सांगू नकोस, ही बापाची आज्ञा. १८७१ च्या फर्मानानं कागदावर भेद संपलेला, गावात तसाच. शेवटी तो वर्गातल्या मुलांपुढे खरं सांगतो, गुडघे टेकतो आणि माफी मागतो.

"माफी कशाची मागतो हा?" त्या तरुणाचा आवाज चढला होता. "मुलांनी मागायची, गावानं मागायची." खोलीत फक्त कूलरचा आवाज. ताई म्हणाल्या, त्या समाजातल्या कार्यकर्त्यांनीही तोसोनना पुढे हेच विचारलं. १९२२ मध्ये या कार्यकर्त्यांनी सुईहेइशा ही स्वतःची संघटना उभी केली. मग १९२२ पासून आमच्या १९५६ पर्यंत बोलणं गेलं. दहा शनिवारांतला तो सगळ्यात सकस तास, आणि तो अभ्यासक्रमात नव्हताच. नागपुरात हा विषय शिकवायचा तर ही कादंबरी पहिल्या दिवसापासून हातात हवी. ताईंना मी हे लेखी दिलंय.

बाकीच्या अडचणी अशा. आठव्या शनिवारी दोन पुस्तकं कोंबली होती, धड एकही झालं नाही. चौदा जणांत प्रत्येक पुस्तकाच्या पाचच प्रती फिरत होत्या, माझी पाळी आली की तीन रात्री हातात. इंग्रजी वाचायची सवय नसेल तर दमछाक होते. ताई अवघड उतारे मराठीत करून देतात, पण मागावे लागतात. जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर आधी विचारून घ्या.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे. मी पुन्हा नाव घातलंय, यावेळी नवऱ्याचंही. आरियोशींचं पुस्तक सध्या त्यांच्या उशाशी आहे. रोज चारपाच पानं वाचतात, मग दिवा न मालवता बराच वेळ तसेच बसून राहतात.