चियांग माईतली निवृत्ती: बाजार, छंद आणि रोजचा दिवस (काही महिन्यांच्या मुक्कामानंतर)

निवृत्त जोडप्यानं उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहरात महिनोन्‌महिने राहायचं तर दिवस तिथल्या बाजाराच्या वेळांवर बसवावा, हे आमचं एकूण मत. देवळं, धबधबे, रात्रबाजार या यादीवर बसवलेला दिवस पंधरवड्यात कंटाळवाणा होतो आणि गुडघे कुरकुरायला लागतात ते वेगळंच. पुढचं सगळं ऑक्टोबरअखेर ते जानेवारी या बऱ्या हंगामाला धरून आहे. धुराच्या महिन्यांचं शेवटी.

आधी बाजार कुठला. वरोरोत, म्हणजे तिथल्या लोकांचा काद लुआंग, नावानं सगळ्यात मोठा. पण रोजच्या भाजीला तो नको. गर्दी, ओल्या फरश्या आणि पार्किंगची मारामार. जुन्या शहराच्या खंदकाच्या आत राहत असाल तर ईशान्येचा सोमफेत किंवा दक्षिण दरवाजाचा प्रातू चियांग माई पुरतो. उत्तरेला चांग फुअक भागात थानिन बाजार आहे. छप्पर आहे, त्यातल्या त्यात स्वच्छ, आतच नाश्त्याची दुकानं. आमच्या मते म्हाताऱ्या माणसांना सगळ्यात सोयीचा हाच. म्युआंग माई घाऊक बाजार स्वस्त खरा, पण तिथला माल पोत्याच्या आणि मोठ्या पिशव्यांच्या हिशेबात. दोघांच्या स्वयंपाकाला उपयोग नाही.

जायची वेळ साडेसहा ते आठ. नंतर पालेभाजी मलूल होते. भाव पाटीवर लिहिलेले असतात, पण किलोचे असतीलच असं नाही. 'खीत' म्हणजे शंभर ग्रॅम. पाटीवर 15 आकडा असेल आणि तो खीतचा असेल तर किलोला 150 बाट झाले. नवखा माणूस इथेच फसतो आणि दुकानदारानं लुटलं म्हणतो. अर्धा किलो हवं तर 'हा खीत' म्हणायचं. भाजीत घासाघीस करत नाहीत. खिशात 20, 50, 100 च्या नोटा ठेवा. सकाळी हजाराची नोट पुढे केली की दुकानदार हात हलवतो. ती आदल्या रात्री सेव्हन-इलेव्हनमध्ये मोडून घ्यायची.

मराठी स्वयंपाकाला काय मिळतं? कोथिंबीर मुळांसकट येते. मुळं फेकू नका, वाटणात घाला. आल्याशेजारी 'खा' नावाचं फिकट, गुळगुळीत कंद ठेवलेलं असतं. ते चुकून चटणीत गेलं तर औषधासारखा वास येतो. 'खिंग' मागितलं की आपलं आलं मिळतं. पिवळी मूगडाळ सुक्या मालाच्या दुकानात सहज मिळते. तूरडाळीसाठी भारतीय वाणसामानाचं दुकान गाठावं लागतं. उसाचा गूळ 'नाम ओय' नावानं वड्यांमध्ये मिळतो, चव चांगली आहे. ओल्या नारळाचा चव समोर खवून देतात. पाठीच्या तपकिरी सालीसकटचा चव दुधासाठी, नुसता पांढरा गोडाच्या पदार्थांसाठी. ही खरेदी सगळ्यात शेवटी करा. उन्हात खवलेला नारळ दोन-तीन तासांत आंबायला लागतो.

मोदकासाठी तांदळाचं पीठ घेताना घोळ होतो. एरावान, म्हणजे तीन सोंडांच्या हत्तीच्या छापाचं लाल पाकीट साध्या तांदळाचं आणि हिरवं चिकट तांदळाचं. हिरव्याची उकड काढली तर लगदा होतो. मात्र लाल पिठात दर वाटीला एखादा चमचा हिरवं घातलं तर पारी मऊ राहते आणि मुरडताना फुटत नाही.

शाकाहारी असाल तर नुसतं 'मांस नको' सांगून भागत नाही. नाम प्ला हा माशाचा सॉस आणि कापी ही कोळंबीची पेस्ट अनेक भाज्यांत असते, आणि बाजारात ढिगानं विकलं जाणारं थाई करीचं वाटण बहुतेक वेळा कापी घालूनच केलेलं असतं. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षर दिसलं की ते 'जे', म्हणजे कडक शाकाहारी दुकान. तिथे मांस-मासळीबरोबर कांदा-लसूणही चालत नाही, त्यामुळे कांदा-लसूण न खाणाऱ्यांचीही सोय होते. शुक्रवारी सकाळी चारोएन प्रथेत रस्त्यावर, बान हो मशिदीजवळ चीनच्या युन्नानमधून आलेल्या मुसलमानांचा आणि म्यानमारकडच्या शान लोकांचा बाजार भरतो. तिथे डाळीच्या पिठाचा गरम, घट्ट पदार्थ मिळतो, 'थुआ फू उन'. दिसायला थेट पिठलं. वरून मांस घालू नका हे आधीच सांगायचं. अकरानंतर फारसं काही उरत नाही.

आता छंद, आणि इथे वरोरोतला गुण द्यावेच लागतात. बाजाराला लागूनच ह्मोंग या डोंगरी जमातीच्या कापडाची गल्ली आहे. गोधडी शिवणाऱ्या माणसानं निदान एक सकाळ तिथे घालवावी. ह्मोंग घागरे तागासारख्या भांगेच्या धाग्याचे, निळीत मेणाच्या बाटिकनं रंगवलेले आणि बारीक चुण्यांचे असतात. जुना घागरा उसवला की कित्येक मीटर लांब पट्टा हाती येतो. खरा-खोटा ओळखायला कापड उलटं करून बघा. मेणाच्या बाटिकमध्ये नक्षी दोन्ही बाजूंना दिसते, छापील नकलेत मागची बाजू फिकी असते. शंका असेल तर विचारून कडेचा एक धागा घ्या आणि घरी पेटवून बघा. पॉलिएस्टरचा कडक गोळा होतो, भांगेच्या धाग्याची कागदासारखी राख होते. कापडात दहा-वीस टक्के भाव उतरतो, त्याहून जास्त मागणं बरं दिसत नाही.

उसवताना आधी कंबरपट्टा काढायचा, मग चुण्या धरून ठेवणारे दोरे एकेक ओढायचे. कात्री लावायची नाही, घडीवर कापड चिरतं. धुण्याआधी ओला पांढरा रुमाल भरतकामावर दाबून बघा. लाल धागा रंग सोडतो आणि एकदा निळीवर चढला की निघत नाही. रंग सुटत असेल तर भरतकामाचा तुकडा वेगळा काढून गार पाण्यात धुवा. बाटिकमध्ये मेण शिल्लक असेल तर त्या भागाला गरम पाणी लागतं, नाहीतर सुई अडकत राहते. हे कापड कडक असतं. अस्तराला जुनी सुती साडी घेतली की गोधडी अंगाला टोचत नाही. धावदोरा नेहमीपेक्षा थोडा लांब घाला. भरतकामाचे जाड तुकडे मधोमध ठेवा, कडेला घेतले तर कोपरे वळत नाहीत.

नदीकडच्या बाजूला तोन लामयाई फुलबाजार आहे, रात्रीही चालू असतो. थाई हारात मोगऱ्याबरोबर रुईची फुलं असतात. ती ओवायची लांब सुई वेगळी मिळते आणि तिला किंचित व्हॅसलिन लावतात, म्हणजे पाकळी न फाटता सरकते. इथे रुई मारुतीपुरती नाही, सगळ्या हारांत चालते. चंद्राच्या तिथीनुसार येणाऱ्या 'वान फ्रा' या बौद्ध पवित्र दिवसाच्या आदल्या दिवशी फुलांना मागणी असते. शिकण्यासाठी फुलं घ्यायची तर तो दिवस टाळा.

कामथिएंगचा रोपबाजार ऑर्किडसाठी. त्यातली वांदा जात लाकडी पट्ट्यांच्या टोपलीत, मातीशिवाय, मुळं लोंबती ठेवून विकतात. गच्चीत पूर्वेचं ऊन हवं. मुळं रुपेरी दिसली की पाणी, हिरवी झाली की पुरे. डिसेंबर-जानेवारीत हवा कोरडी असते, त्यामुळे वांदाला रोज सकाळी फवारा लागतो. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या बऱ्याच जाती मात्र याच दिवसांत पानं गाळतात. ते मेलं समजून पाणी वाढवलं की खरंच कुजतं. ही झाडं भारतात आणायचा विचार सोडा. सगळी ऑर्किडं साइट्स (CITES) या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहेत. निर्यात परवाना, रोपांचं आरोग्य प्रमाणपत्र, भारताचा आयात परवाना असं सगळं लागतं. परतताना ओळखीच्यांना देऊन टाकायची.

संध्याकाळबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रविवारचा राचादामनोएनचा आणि शनिवारचा वुआ लाईचा पदपथबाजार प्रसिद्ध आहे, पण सातनंतर मुंगीच्या चालीनं सरकावं लागतं आणि बसायला जागा नाही. जायचंच तर पाचला जाऊन साडेसहाला बाहेर पडा. रोज फिरायला नैर्ऋत्य कोपऱ्यातली बुआक हात बाग उत्तम. चटई भाड्यानं मिळते, सकाळी योग चालतो.

उणिवा मोठ्या आहेत. फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत शेतं आणि जंगलं जळतात, डोंगरांमधल्या खोऱ्यात धूर अडकून बसतो. दमा किंवा हृदयविकार असेल तर त्या काळात इथे राहू नये. एन-95 मास्क आणि हवा शुद्ध करणारं यंत्र यांनी फक्त घरातला भाग सुसह्य होतो. 13 ते 15 एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, तेव्हा बरीच दुकानं बंद आणि रस्त्यावर पाण्याचा मारा. 2024 च्या ऑक्टोबरात पिंग नदीचं पाणी वरोरोतच्या भागात शिरलं होतं. नदीकाठी तळमजला भाड्यानं घेऊ नका. आणखी एक: बऱ्याच भाड्याच्या खोल्यांत स्वयंपाकघर म्हणजे नुसती एक शेगडी असते, किंवा तीही नाही. करारापूर्वी ओटा, धूर बाहेर जायची सोय आणि गच्चीची दिशा पाहा, नाहीतर वर लिहिलेल्यातलं निम्मं वाया.

निवृत्तीच्या आधारावर राहण्याच्या परवान्याला वर्षभराची मुदतवाढ वयाच्या पन्नाशीनंतर मिळते. थाई बँकेत 8 लाख बाट किंवा महिना 65,000 बाट उत्पन्न दाखवावं लागतं, दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. या परवान्यावर काम करता येत नाही, आणि यात स्वतः शिवलेली गोधडी किंवा ओवलेले हार बाजारात मांडून विकणंही आलं. शेजाऱ्यांना भेट द्या, पैसे घेऊ नका.