कॉलेजचा रिसीव्हर एनएफएलमध्ये चालेल का? समोरासमोर चार जोड्या

एनएफएल म्हणजे अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि तिचे संघ कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तो ड्राफ्ट. त्याची पहिली फेरी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर गुरुवारी रात्री आठला सुरू होते. भारतात तेव्हा शुक्रवारची पहाट असते, साडेपाचची. न्यू जर्सीत बसून पाहा नाहीतर पुण्यात, डायनेस्टी लीग (खऱ्या खेळाडूंच्या कामगिरीवर गुण देणारा, खेळाडू वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवायचा काल्पनिक संघांचा खेळ) खेळणाऱ्याची पंचाईत त्यानंतर सुरू होते. आपली पाळी येते, दोन रिसीव्हर (चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅककडून झेल घेणारे) शिल्लक असतात, दोघांच्याही क्लिपा झकास आणि घ्यायचा एकच. अशा वेळी बहुतेक जण ४० यार्ड पळायला लागलेली वेळ पाहतात किंवा शेवटच्या हंगामात झेलांतून मिळवलेले यार्ड पाहतात. दोन्ही आकडे उपयोगाचे आहेत, पण क्रम चुकतो. गडी मोकळा कसा होतो हे आधी पाहावं, यार्ड किती मिळवले ते मग, आणि पळतो किती जोरात हे सगळ्यात शेवटी. खालच्या जोड्या त्यासाठीच निवडल्या आहेत. प्रत्येक जोडीतले दोघे एकाच ड्राफ्टमधले, जवळजवळच्या क्रमांकांवर निवडले गेलेले आहेत.

जेफरसन की रेगर (२०२०)

फिलाडेल्फिया ईगल्सने २१ व्या क्रमांकावर टीसीयू (टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी) कॉलेजचा जेलन रेगर घेतला. लगेच २२ व्या क्रमांकावर मिनेसोटा व्हायकिंग्जने एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) कॉलेजचा जस्टिन जेफरसन उचलला. तक्त्यातला टचडाउन म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या शेवटच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण.

| | जेफरसन | रेगर |
|---|---|---|
| २०१८ | ५४ झेल, ८७५ यार्ड, ६ टचडाउन | ७२ झेल, १,०६१ यार्ड, ९ टचडाउन |
| २०१९ | १११ झेल, १,५४० यार्ड, १८ टचडाउन | ४३ झेल, ६११ यार्ड, ५ टचडाउन |
| ४० यार्ड | ४.४३ सेकंद | ४.४७ सेकंद |
| उभी उडी | ३७.५ इंच | ४२ इंच |
| एनएफएलचं पहिलं वर्ष | ८८ झेल, १,४०० यार्ड | ३१ झेल, ३९६ यार्ड |

आज तक्ता पाहून हसू येतं, पण तेव्हा रेगरची बाजू अगदीच लंगडी नव्हती. एकोणिसाव्या वर्षी त्याने हजार यार्ड ओलांडले होते. २०१९ मध्ये टीसीयूचा क्वार्टरबॅक पहिल्या वर्षाचा, नवखा होता. त्यामुळे घसरणीचं खापर त्याच्यावर फोडता येत होतं. जेफरसनबद्दलची शंकाही रास्त होती. २०१९ मध्ये तो बहुतेक वेळ स्लॉटमध्ये, म्हणजे आतल्या बाजूला उभा राहायचा. तिथे समोरचा कॉर्नरबॅक (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू, थोडक्यात कॉर्नर) सहसा छातीला छाती लावून उभा नसतो आणि रिसीव्हरला डावी-उजवी दोन्ही वाट मोकळी असते. बाहेरच्या बाजूला जमार चेस होता आणि चेंडू फेकायला जो बरो.

या शंकेचं उत्तर आदल्या वर्षीच्या टेपमध्ये, म्हणजे सामन्यांच्या चित्रफितीत होतं. २०१८ मध्ये जेफरसन मुख्यतः बाहेर खेळला होता, संघाची हल्ल्याची पद्धत जुनी होती, आणि तरीही तो संघातला पहिल्या क्रमांकाचा रिसीव्हर होता. ‘हा फक्त स्लॉटचा’ असं कुणी म्हटलं की त्याच्या आधीच्या हंगामातले चार सामने काढून पाहावेत. रेगरच्या बाबतीत तीच तपासणी उलटी पडते. त्याच्या टेपवर लांब धावा आणि छोटे स्क्रीन पास (रेषेमागेच दिलेले आखूड पास) भरपूर दिसतात, पण १२ ते १५ यार्डांवर थांबून वळणारे रूट (झेलासाठी धावायच्या ठरलेल्या वाटा) कमी. जो भाग टेपवर नाहीच, तो एनएफएलमध्ये शिकेल असं धरून पहिल्या फेरीची निवड घालवू नये.

बिग १२ (टीसीयू ज्यात खेळतं तो कॉलेज संघांचा गट, म्हणजे कॉन्फरन्स) मधले यार्ड म्हणजे पाटा खेळपट्टीवरच्या धावा, असंही बोललं जातं. ते सरसकट खरं नाही. त्याच ड्राफ्टमध्ये १७ व्या क्रमांकावर गेलेला सीडी लॅम्ब तेव्हा बिग १२ मध्येच असलेल्या ओक्लाहोमाचा. कॉन्फरन्सचं नाव पाहून वजाबाकी करण्यापेक्षा चांगल्या कॉर्नरसमोरचे सामने वेगळे काढून पाहावेत.

मॅक्लॉरिन की आर्सेगा-व्हाइटसाइड (२०१९)

आकडेवाल्यांची खरी परीक्षा या जोडीत होते. डॉमिनेटर रेटिंगचा हिशेब सोपा आहे. संघाच्या पासिंग यार्डांत रिसीव्हरचा वाटा किती आणि पासिंग टचडाउनमध्ये किती, या दोन टक्क्यांची सरासरी काढायची. ३० च्या वर उत्तम, २० च्या खाली संशयास्पद. हा वाटा पहिल्यांदा २० टक्क्यांवर गेला तेव्हा खेळाडूचं जे वय, ते ब्रेकआउट वय. ते जितकं कमी तितकं चांगलं, कारण अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बावीस वर्षांच्या गड्यांना हरवत असतो.

स्टॅनफर्डचा जेजे आर्सेगा-व्हाइटसाइड: २०१८ मध्ये १,०५९ यार्ड आणि १४ टचडाउन. क्वार्टरबॅक के. जे. कॉस्टेलोचे एकूण ३,५४० यार्ड आणि २९ टचडाउन. वाटा ३० आणि ४८ टक्के, सरासरी ३९.

ओहायो स्टेटचा टेरी मॅक्लॉरिन: त्याच वर्षी ३५ झेल, ७०१ यार्ड, ११ टचडाउन. ड्वेन हॅस्किन्सचे ४,८३१ यार्ड आणि ५० टचडाउन. वाटा साडेचौदा आणि २२ टक्के, सरासरी जेमतेम १८. वर हा कॉलेजात पाचव्या वर्षाला होता.

ईगल्सने आर्सेगा-व्हाइटसाइडला ५७ व्या क्रमांकावर घेतलं, वॉशिंग्टनने मॅक्लॉरिनला ७६ व्या. मॅक्लॉरिनने पहिल्याच वर्षी ९१९ यार्ड केले. दुसऱ्याने पहिल्या वर्षी १६९ आणि तीन हंगाम मिळून २९०. पुढे त्याला टाइट एंड (रेषेजवळ उभा राहून अडवणारा आणि झेलही घेणारा धिप्पाड खेळाडू) म्हणून आजमावण्यात आलं.

डॉमिनेटर का फसला? भाजक पाहा. ओहायो स्टेटकडे त्या वर्षी पॅरिस कॅम्पबेल, के. जे. हिल, जॉनी डिक्सन असे वाटेकरी होते, त्यामुळे कुणा एकाचा वाटा फुगणं शक्यच नव्हतं. पण मॅक्लॉरिनच्या एका झेलामागे २० यार्ड पडत होते आणि जवळपास प्रत्येक तिसरा झेल टचडाउन होता. कमी चेंडू, जास्त माल. त्यात ४० यार्ड ४.३५ सेकंदांत आणि अलाबामातल्या मोबील शहरात सीनियर बोलच्या (कॉलेजातल्या शेवटच्या वर्षाच्या खेळाडूंच्या प्रदर्शनी सामन्याच्या) सरावात एकास-एक लढतींत कॉर्नरना दिलेला चकवा.

आर्सेगा-व्हाइटसाइडचे टचडाउन मात्र अंगाला कॉर्नर चिकटलेला असताना उंच उडी मारून घेतलेले होते. असे झेल क्लिपमध्ये फार देखणे दिसतात, आणि त्यातच धोका असतो. झटापटीतले झेल खूप असणं म्हणजे हात भक्कम आहेत हे खरं, पण हा मोकळा होत नाही अशी कबुलीही त्यात असू शकते. कॉलेजातल्या पाच फूट दहा इंचांच्या कॉर्नरच्या डोक्यावरून चेंडू घेता येतो. एनएफएलचा कॉर्नर तसाच चिकटलेला असला तर क्वार्टरबॅक तिकडे फेकतच नाही. त्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीच्या शेवटी, ३२ व्या क्रमांकावर गेलेला अ‍ॅरिझोना स्टेटचा एन्कील हॅरी याच कारणाने अडला. अपवाद आहेतच. माइक एव्हान्सने २०१४ पासून सलग ११ हंगाम हजार यार्ड केले. पण एव्हान्स सहा फूट पाच इंच उंच, २३० पौंडांच्या घरात, आणि तरीही ४.५३ मध्ये पळणारा. अशा देहाचे रिसीव्हर दर वर्षी निघत नाहीत.

म्हणून वाट्याच्या जोडीला आणखी एक आकडा घ्या: धावलेल्या प्रत्येक रूटमागे यार्ड. कॉलेजात हा २ च्या खाली असेल तर शंका घ्यावी, ३ च्या वर असेल तर कान टवकारावेत. फक्त त्यातून स्क्रीन पास वजा करा. रेषेमागे चेंडू हातात देऊन मिळवलेले यार्ड रूट धावण्याबद्दल काहीच सांगत नाहीत. २०२३ मध्ये १७७ व्या क्रमांकापर्यंत कुणी न घेतलेला पुका नाकुआ इथेच सापडायला हवा होता. दुखापतींमुळे बीवाययूतल्या (ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटी) शेवटच्या वर्षी त्याचे फक्त ४८ झेल आणि ६२५ यार्ड होते. एकूण बेरीज पाहणाऱ्यांनी त्याला सोडला आणि रॅम्सकडून पहिल्याच वर्षी त्याने १०५ झेल, १,४८६ यार्ड केले.

कॉलेजात मोकळा, एनएफएलमध्ये बांधलेला: असं का होतं

नियमच वेगळे आहेत. कॉलेजच्या मैदानावर हॅशच्या (डाव सुरू करताना चेंडू ठेवायच्या खुणांच्या) दोन रांगांत ४० फूट अंतर असतं, एनएफएलमध्ये साडेअठरा. कॉलेजात चेंडू हॅशवर ठेवला की एका बाजूला भलंमोठं रान मोकळं पडतं आणि तिथला रिसीव्हर आपोआप सुटा दिसतो. कॉलेजात सीमारेषेजवळ एक पाय आत टेकला तरी झेल धरतात, एनएफएलमध्ये दोन्ही लागतात. कडेचे झेल पाहताना दुसरा पाय कुठे पडला ते पाहा. धक्काबुक्कीचा नियम उलटा आहे. एनएफएलमध्ये बचावपटूला पहिल्या ५ यार्डांतच अंगाला हात लावता येतो, कॉलेजात ती मर्यादा नाही. तरीही कॉलेजचे पुष्कळ संघ कॉर्नरला सात-आठ यार्ड मागेच उभा करतात. परिणामी कित्येक रिसीव्हरना पहिल्या पावलाला अडवणारा माणूस तीन वर्षांत फारसा भेटलेलाच नसतो.

स्मिथ-एन्जिग्बा की जॉन्स्टन (२०२३)

पुन्हा लागोपाठचे क्रमांक, २० आणि २१. सीअ‍ॅटल सीहॉक्सने ओहायो स्टेटचा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा घेतला, चार्जर्सने टीसीयूचा क्वेंटिन जॉन्स्टन.

देहयष्टीच्या तराजूत जॉन्स्टनचं पारडं जड होतं: सहा फूट तीन इंच, २०८ पौंड, ४०.५ इंच उभी उडी. स्मिथ-एन्जिग्बा कम्बाइनमध्ये (ड्राफ्टआधीच्या एनएफएलच्या शारीरिक चाचण्यांत) ४० यार्ड धावलाच नाही, पण त्याने तीन शंकूंची चाचणी ६.५७ सेकंदांत आणि छोटी शटल ३.९३ सेकंदांत पूर्ण केली. या दोन्ही चाचण्यांत थांबून दिशा बदलावी लागते आणि त्याचा खेळ नेमका त्यावरच उभा होता. चाचणी पाहताना हा मेळ बघायचा.

मुख्य अडचण अशी की २०२२ मध्ये मांडीच्या स्नायूच्या दुखापतीमुळे त्याचे अवघे ५ झेल होते. शेवटच्या हंगामावर जाणारे इथे बिचकले. २०२१ चा हंगाम मात्र बोलका होता. ९५ झेल आणि १,६०६ यार्ड, तेही त्याच संघात गॅरेट विल्सन आणि ख्रिस ओलाव्हे असताना, जे दोघे पुढे १० व्या आणि ११ व्या क्रमांकावर गेले. रोज बोल या हंगामाअखेरच्या सामन्यातले ३४७ यार्ड हे दोघे खेळत नसताना आले, ते वजा केले तरी १,२५९ उरतात. विल्सनचे पूर्ण हंगामात १,०५८ होते. पहिल्या फेरीच्या सोबत्यांना मागे टाकणं हा कमकुवत संघात ४० टक्के वाटा मिळवण्यापेक्षा भारी पुरावा आहे.

जॉन्स्टनची खोट टेपवर उघड दिसत होती. तो चेंडू हाताच्या पंजांनी न घेता छातीशी कवटाळायचा. सुटलेल्या चेंडूंचा नुसता आकडा एका हंगामात वर-खाली होतो, त्यावर विसंबू नये. पण झेल घेण्याची ढब सहसा बदलत नाही. पहिल्या वर्षी स्मिथ-एन्जिग्बाचे ६२८ यार्ड, जॉन्स्टनचे ४३१.

ब्राउन की मेटकाफ (२०१९)

दोघे ओले मिसचे (मिसिसिपी विद्यापीठाचे), एकाच संघातले, आणि दोघेही चालले. एजे ब्राउन ५१ व्या क्रमांकावर टेनेसीकडे, डीके मेटकाफ ६४ व्या क्रमांकावर सीअ‍ॅटलकडे. मेटकाफ २२८ पौंडांचा असून ४.३३ मध्ये पळाला, पण तीन शंकूंना त्याने ७.३८ सेकंद घेतले आणि तो घसरला. सीअ‍ॅटलने त्याला मुख्यतः सरळ धावा, स्लँट (तिरके आत वळणारे रूट) आणि थांबून मागे वळणारे रूट दिले. पहिल्या वर्षी ९०० यार्ड. खोट ज्या कामात आड येत नाही तेच काम दिलं की खोट झाकते. ब्राउनला अशी सवलत लागली नाही. तो आत-बाहेर कुठेही उभा राहायचा आणि ५२ झेलांत त्याने १,०५१ यार्ड काढले.

निव्वळ वेगाबद्दल एवढंच: २०१७ मध्ये जॉन रॉस ४.२२ पळून ९ व्या क्रमांकावर गेला आणि पहिल्या वर्षी त्याचा एकही झेल नव्हता. त्याच ड्राफ्टमध्ये ४.६२ पळणारा कूपर कप ६९ व्या क्रमांकावर गेला, ज्याने २०२१ मध्ये १,९४७ यार्ड केले. प्रो डेच्या (कॉलेजने आपल्याच मैदानावर घेतलेल्या चाचण्यांच्या) वेळा सहसा हाताने मोजलेल्या आणि थोड्या खुशामती असतात, त्या कम्बाइनच्या इलेक्ट्रॉनिक वेळांच्या रांगेत बसवू नका.

टेप पाहताना

क्लिपांची संकलनं बाजूला ठेवा आणि निदान तीन पूर्ण सामने पाहा. एक सर्वांत चांगल्या कॉर्नरसमोरचा, एक हरलेला, एक आदल्या हंगामातला. कॉर्नर तोंडासमोर उभा आहे असे दहा-पंधरा डाव शोधा आणि पहिल्या पाच यार्डांत पायांनी चकवतो की नुसता ढकलाढकली करतो ते पाहा. मग वळण. जोरात येऊन थांबायला दोन-तीन पावलं पुरतात की पाच लागतात? पाच लागत असतील तर कॉर्नरला आधीच कळतं. चेंडू दुसरीकडे जाणार असतो तेव्हा तो रूट पूर्ण धावतो का, हेही पाहा. टीव्हीच्या कोनात हे नेहमी दिसत नाही, मैदानामागून दाखवलेली पुनर्दृश्यं थांबवून पाहावी लागतात.

घेतल्यावर किती थांबायचं

दोघे तुल्यबळ वाटले तर ज्याला एनएफएलने आधी घेतलं तो घ्या. पहिल्या फेरीतल्याला संघ पुन्हापुन्हा संधी देतो, पाचव्या फेरीतला एका वाईट महिन्यात बाहेर जातो. पहिलं वर्ष फिकं गेलं म्हणून लगेच विकू नका. डावान्ते अ‍ॅडम्सचे पहिल्या दोन वर्षांत ४४६ आणि ४८३ यार्ड होते, तिसऱ्या वर्षी ९९७ यार्ड आणि १२ टचडाउन. थांबण्याच्या काळात यार्डांपेक्षा दर सामन्यात तो किती रूट धावतो ते मोजा. आकडा चढत असेल तर प्रशिक्षकाचा विश्वास आहे. निरोगी असूनही दुसऱ्या हंगामाच्या मध्यापर्यंत तो उतरत असेल, तर नावाला बाजारात भाव आहे तोवर सौदा करून टाका.